थोड्या दमाची बासरी

३ फेब्रुवारी

चि. फुंकणीस,

दादाचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, त्याला घंटी नसते. जे वाजतच नाही ते बंद कसं करणार? फार तर न वाचता उशाखाली सारशील. सार खुशाल. उशाखाली काहीतरी आहे हे कळल्यावर तुला झोप लागत नाही, हे मला तू चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

कामाचं बोलतो. मला एक बासरी घ्यायची आहे. माझ्यासाठी. हसू नकोस. शिवणयंत्रांचं दुकान आता थोरला बघतो. मी गेलो की खुर्ची पुढे करतो आणि म्हणतो, "बाबा, तुम्ही फक्त बसा." ज्यानं सायकलच्या मागे मशीन बांधून दारोदार फिरून हे दुकान उभं केलं, त्याला म्हणे फक्त बसा! बसून बसून मी गंजेन. तेव्हा म्हटलं, बासरी शिकावी. तुझ्या वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "फुंकायची हौसच आली असेल तर आधी कपाटावरची धूळ फुंका."

तर सल्ला दे. लांब घेऊ की आखूड? जाड की पातळ? तू संगीतशाळेत इतक्या पोरांना बासरी शिकवलीस, तुला नाही विचारायचं तर कुणाला?

कान माझे अजून शाबूत आहेत. परवा कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानावरून चाललो होतो, आतलं मशीन ऐकलं आणि रस्त्यातूनच ओरडलो, "अरे, बॉबिनमध्ये धागा गुंतलाय तुझा!" तो म्हणाला, "काका, आधी आत तरी या!" आत गेलो. गुंतलाच होता.

आईची लोखंडी फुंकणी आठवते का? चूल धुपत असायची, आई घरभर फुंकणी शोधत असायची आणि तू मागच्या पायरीवर तिच्यातून सूर काढत बसलेली असायचीस. "ही मुलगी आहे की फुंकणी!" आई वैतागून म्हणाली आणि तेच नाव मी तुला कायमचं चिकटवलं. त्या दिवशी त्या नळीतून जो आवाज निघाला, तो मी जन्मात विसरलो नाही. भोंग्यासारखाच, पण काठावर कुणीतरी मध लावल्यासारखा.

दवाखान्यातून तू घरी न येता परस्पर मैत्रिणीच्या गावी गेलीस. जाताना स्वतःची बासरी एका विद्यार्थिनीला देऊन टाकलीस. का, ते विचारत नाही. तब्येतीचंही विचारत नाही. बासरीचं तेवढं कळव.

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

चि. फुंकणीस,

उत्तर नाही. म्हणजे निवड तू माझ्यावर सोपवलीस, असं मी धरून चाललो.

इथे एक बासरी करणारा आहे. चष्म्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना असा उभा, की वर पोचेपर्यंत गिऱ्हाईक निम्मं होतं. पण खोली पाहून जीव हरखला. भिंतीला टेकून बांबू उभे, बारीक, सरळ, जणू शाळेची रांग. प्रत्येकावर खडूची खूण. खिडकी अर्धीच उघडी, ऊन लागलं की बांबू तडकतो म्हणून. भोकं तापल्या सळईनं पाडतात, त्याचा जळका गोडसर वास. माणूस माझ्याच वयाचा, भुवया पांढऱ्या आणि एवढ्या दाट, की त्यांना कंगवा लागत असावा.

"कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"माझ्यासाठी."

"खोटं."

"अहो, काय बोलता!"

"स्वतःसाठी घेणारा माणूस आधी बासरी हातात घेतो. तुम्ही आल्यापासून हात मागे बांधून उभे आहात आणि कान पुढे काढलाय."

झालं. पकडलो गेलो. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकं ओळखत आलो आणि यानं मला आल्या आल्या ओळखलं. "धाकट्या बहिणीसाठी," म्हणालो. "ती वाजवते. चांगली वाजवते." मग थांबलो आणि म्हणालो, "तुमच्या माझ्या कल्पनेपलीकडची वाजवते."

तेव्हा तुलाही सांगून टाकतो, बासरी तुझ्यासाठी आहे. पहिल्या पत्रातच तू ओळखलं असशील.

मग त्यानं एकेक बासरी काढून वाजवून दाखवली. काय सांगू तुला! खाली रस्त्यावर हातगाड्या, भोंगे, भांडणं चालली होती, ती सगळी जणू कुणी रुमालानं पुसून काढली. मी डोळे मिटून मशीन ऐकतो तसा ऐकत होतो. कुठे हवा गळतेय, कुठे सूर घासतोय, कुठे खालचा सूर जाड आणि वरचा किरटा होतोय. प्रत्येकीत काही ना काही सापडायचं. शेवटी त्यानं एक लांब बासरी काढली, पिकल्या मधाच्या रंगाची. तिच्यात मला खोट सापडेना. पुन्हा वाजवायला लावली. नाहीच. तो म्हणाला, "अशी पुन्हा व्हायची नाही."

हे वाक्य मी स्वतः मशिनींबद्दल हजारदा म्हटलेलं आहे. फरक एवढाच, की तो म्हणताना बासरीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून पार्सल केलं आहे. तुझ्या वहिनीनं शिवण इतकी पक्की घातली आहे, की उघडायला तुला कात्री लागेल.

तुझा
दादा


१४ मार्च

चि. फुंकणीस,

तुझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, तिला बोलतं मी केलं. दुकानदारासमोर माणूस गप्प राहू शकत नाही.

तू पार्सल उघडलंस, बासरी घेऊन खोलीत गेलीस, दाराला कडी लावलीस. बाहेर आलीस ती रिकाम्या हातानं. बासरी कपाटावर. तेव्हापासून तू घरात रेडिओसुद्धा लावू देत नाहीस आणि संगीतशाळेला राजीनामा लिहून ठेवला आहेस. अजून टाकला नाहीस एवढंच.

हे ऐकून मी जेवलो नाही. तुझी वहिनी म्हणाली, "एवढं काय चुकलं? चांगली महागातली तर पाठवलीत." मलाही कळेना. दुसऱ्या दिवशी दुकानात फक्त बसलो होतो, तर एक बाई आल्या. दुसरीकडून मशीन घेतलं होतं. तिथल्या माणसानं मलमलीच्या तुकड्यावर झरझर शिवून दाखवलं, घरी जाड पडदे घालताच सुई मोडली. माझा कारागीर म्हणाला, "बाई, आमची पाटी वाचली असतीत तर?" आमच्या दारावर पाटी आहे ना, मीच रंगवलेली: मशीन घेण्याआधी आपलं कापड घेऊन या.

मी त्या पाटीकडे बघत राहिलो. अगं, सराईत हात कुठल्याही मशीनवर छान शिवतो! दुकानदाराच्या हाताकडे बघू नका, आपलं कापड आणा, आपण शिवून बघा, हे मी आयुष्यभर लोकांना पढवत आलो. आणि स्वतः मात्र दुसऱ्याच्या श्वासावर बासरी घेऊन आलो. मी त्या दिवशी बासरी ऐकलीच नाही. त्या माणसाची छाती ऐकली.

घरी येऊन हे सांगितलं तर तुझी वहिनी म्हणाली, "पाटी दुकानात लावलीत, डोक्यात लावायची राहिली."

तुझ्या फुफ्फुसाचा तुकडा डॉक्टरांनी काढला, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण बासरी म्हटलं की मला तूच दिसतेस, पूर्वीची. तू एक सूर धरायचीस आणि तेवढ्यात मी सुईत दोरा ओवून अख्खं काज पुरं करायचो. तुझा सूर आणि माझा दोरा बरोबर संपायचे. तुझ्यासारखा दम मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, पुरुषाचासुद्धा.

दवाखान्यात तुझे विद्यार्थी आले, त्यांनी आग्रह केला आणि तू बासरी ओठाला लावलीस, तेव्हा मी औषधं घेऊन व्हरांड्यात होतो. मी ऐकलं. नुसती हवा आली. आणि त्यावर टाळ्या पडल्या. पोरं प्रेमाची, त्यांना दोष कसा देऊ? पण हवा मी ऐकून घेतली, टाळ्या मला ऐकवल्या नाहीत. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात खोट्या सुराला कधी मान हलवली नाही, तिला हे बक्षीस.

मी आत आलो तेव्हा तू खिडकीकडे तोंड केलं होतंस. म्हणालीस, "दादा, तू आता..." आणि थांबलीस. श्वास घेतलास. मग म्हणालीस, "घरी जा."

पूर्वी एका श्वासात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस.

तो राजीनामा एवढ्यात टाकू नकोस. मी आपलं कापड शोधतो आहे.

तुझा
दादा


१९ एप्रिल

चि. फुंकणीस,

बसून वाच. लांबण आहे.

आधी मी फुंकायला शिकलो. रस्त्यावरच्या खेळणीवाल्याकडून एक बासरी आणली आणि गच्चीवर सुरू केलं. पहिले काही दिवस नुसती वाफ. शेजारी विचारून गेले, "नळाला हवा आली का हो तुमच्या?" मग एके दिवशी पूं असा आवाज आला आणि मी इतका दचकलो, की बासरी खाली पडली. तुझी वहिनी म्हणाली, "यापेक्षा कुकर बरा. तो शिट्टी देतो तेव्हा भात तरी होतो." पण हळूहळू एक सूर ठरून येऊ लागला. आता कळतं, तू काय करायचीस ते. ओठाच्या एवढ्याशा फटीतून हवेचा धागा काढायचा आणि नेमका पलीकडच्या काठावर ओवायचा. सुईत दोरा ओवणं त्यापुढे पोरखेळ.

पण माझा दम चांगला खणखणीत. त्यावर निवडली तर पुन्हा तीच चूक. तुझ्याइतका दम आणायचा कुठून?

तर तो त्या बासरीवाल्याच्या जिन्यात सापडला.

तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचलो. तो म्हणाला, "बसा, पाणी घ्या." मी हातानंच नको म्हटलं. आधी "दादा, तू आता घरी जा" एवढं वाक्य बोलून बघितलं. "तू"पाशीच तुटलं. म्हणजे धाप जास्त झाली. जरा थांबलो, पुन्हा बोललो. "दादा, तू आता..." आणि बरोबर तिथे श्वास संपला, तुझा संपला होता तिथेच. म्हटलं, "द्या बासरी! लवकर!"

त्यानं दिली. मी फुंकली. हवा. "दुसरी!" तोवर माझा दम परत आला होता, ती वाजली, पण ते खरं नव्हे. मी पुन्हा जिना उतरलो, पुन्हा चढलो.

"तुमचं काही हरवलंय का?" त्यानं विचारलं.

"हो," म्हणालो, "दादा, तू आता..." आणि हात पुढे केला.

माणूस जातिवंत. वेड्यात काढलं नाही, मध्येच उठून गेला नाही. मी दम खात सगळं सांगितलं, तुझं वाक्य, तुझी छाती, आणि ती मधाच्या रंगाची बासरी कपाटावर का पडली आहे ते. ऐकून त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "मला का नाही सांगितलंत? तिला ती बासरी म्हणजे पायात साखळदंड!" मग आखूड बासऱ्या काढल्या. त्यांना दम थोडा लागतो म्हणे. मी चढून येऊन फुंकल्या. वाजल्या, पण चिरचिर. मी म्हटलं, "ही शिट्टी तिच्या हातात दिली तर ती मला खिडकीतून फेकून देईल. तिला खालचा सूर लागतो, पोटातला."

"खालचा सूर हवा आणि दमही थोडा हवा? हे म्हणजे हत्ती हवा आणि तो खिशात मावायला हवा!"

"मावणारा हत्ती बघा ना कुठे आहे का," मी म्हटलं.

त्या दिवशी मी किती वेळा चढलो-उतरलो, मोजलं नाही. खालचा चष्मेवाला शेवटी म्हणाला, "काका, नजर तपासून घ्या, एकच दार सारखं चुकताय." तोवर गुडघे बोलायला लागले होते आणि तेही एका श्वासात बोलत नव्हते.

शेवटी दाराच्या मागे एक टोपली दिसली. तीत आठ-दहा बासऱ्या उलट्या खुपसलेल्या.

"या?"

"त्या विकायच्या नाहीत. बिघडल्यात."

"काय बिघडलंय?"

त्यानं एक काढली. मध्यम लांबीची, सालीनं पातळ, एका अंगाला डाग. त्यानं छाती भरून फुंकली आणि सूर फाटला, टुणकन वरच्या सुरात उडाला. "बघा. बांबू फार पातळ निघाला. वाजवणाऱ्याचा जोर सोसत नाही. ज्यानं ज्यानं हातात घेतली, त्यानं परत ठेवली."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा जिना उतरलो.

वर आलो, "दादा, तू आता" म्हटलं, श्वास संपला, आणि जे उरलंसुरलं होतं ते त्या डागाळलेल्या नळीत सोडलं.

फुंकणे, ती बोलली. मी काही केलं नाही, माझ्यात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खालचा सूर, जाड, ओलसर, मागच्या पायरीवरचा. चुलीचा धूर आठवला. बासरीवाला हातातली सळई खाली ठेवून उभा राहिला. पुन्हा फुंकायला सांगितली. मग स्वतः घेतली आणि या वेळी छाती न भरता, बाळाच्या कपाळावर फुंकर घालतात तशी फुंकली. बराच वेळ फुंकत राहिला.

"मीच हिच्यावर जोर करत होतो," तो म्हणाला.

पण विकायला तयार होईना! "माझ्या नावाची खूण आहे हिच्यावर. उद्या कुणी छाती भरून फुंकली तर म्हणेल, या माणसाला बासरी करता येत नाही." मी म्हटलं, "छाती भरून फुंकणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, त्यांना बाकीचं दुकान आहे." तो हसला नाही, पण बासरी कागदात गुंडाळायला घेतली. गुंडाळताना म्हणाला, "बहिणीला निरोप द्या. वरच्या सुरात ही थोडी चढते, नेमक्या जागेच्या जरा वर जाते. ते माझ्याकडून निघालेलं नाही, त्यांना ओठानं सांभाळावं लागेल." मला हा माणूस फार आवडला. मालातली खोट झाकणारे दुकानदार मी ढिगानं बघितले, स्वतःहून दाखवणारा क्वचित.

सोबत पाठवतो आहे. डाग तसाच ठेवला आहे. तुझी वहिनी पुसायला निघाली होती, तिला थांबवलं.

आणि एक. वाजवलीस तर मी "वा" म्हणणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ नको, माझ्या कानांची घेतो.

तुझा
दादा


११ मे

चि. फुंकणीस,

काल आपण फोनवर बोललो, तरी हे लिहितो आहे. कारण तू फोन आपटल्यावर माझं बोलणं अर्धवट राहिलं.

दुकानाचा फोन वाजला तेव्हा थोरला गिऱ्हाइकाला मशीन दाखवत होता. मी उचलला. पलीकडे कुणी बोलेना. वाटलं, चुकीचा नंबर. ठेवणार एवढ्यात श्वास ऐकू आला आणि कुणाचा ते कळलं. मी थोरल्याला हातानं खूण केली, मशीन थांबव. तो म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक..." मी डोळे वटारले. मशीन थांबलं. गिऱ्हाईकही थांबलं, बिचारं हातात कापड धरून.

मग तो सूर आला. खालचा. मध्ये एकदा मोडला. तू खोकलीस. मला वाटलं, आता ठेवशील. ठेवला नाहीस. पुन्हा धरलास. या वेळी हलला, पण मोडला नाही. मग चढत गेलीस, हळू, पायरी पायरीनं, प्रत्येक पायरीवर विसावत. पूर्वी तू असं कधी वाजवत नव्हतीस. पूर्वी तू एका दमात वर जायचीस आणि आम्ही खाली माना वर करून बघत राहायचो. काल पहिल्यांदा मला तुझ्या बरोबरीनं चढता आलं. जिथे तू श्वास घेतलास तिथे मीही घेतला. त्या विसाव्यांमध्येसुद्धा गाणं होतं गं. हे तुला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आईच्या फुंकणीतून सूर काढायला तरी कुणी शिकवलं होतं!

थोरला तोंडावर हात धरून उभा होता. गिऱ्हाइकाला काय वाटलं देव जाणे, पण त्या बाई "वा" म्हणायला निघाल्या होत्या. मी हात वर करून त्यांना गप्प केलं.

तू थांबलीस. पलीकडे नुसता श्वास. तू वाट बघत होतीस, मी काय म्हणतो त्याची. मला काय काय म्हणावंसं वाटत होतं, ते इथे लिहीत नाही. पण मी कानांची शपथ घेतली होती. म्हणून आवाज नीट केला आणि म्हणालो,

"वरचा सूर चढतोय."

मला वाटलं, मेलो.

आणि मग तू ओरडलीस, "कळतंय मला! दादा, तू आता गप्प बस!" आणि फोन आपटलास.

फुंकणे, तू "आता"पाशी थांबली नाहीस.

तुझा
दादा